जुन्या गाडीचा ऑक्स आणि बिनजॅकचा फोन

घाटवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

बाबांची वॅगनआर आहे, २०१० ची. स्टिरिओ नंतर बाहेरून बसवून घेतलेला, सिंगल डिन (एका खणाचा). पुढे यूएसबी आहे, ऑक्स (बाहेरून आवाज आत घ्यायचं ३.५ मिमीचं भोक) आहे, ब्लूटूथ नाही. इतकी वर्षं दोन्ही टोकांना पिन असलेली साधी वायर फोनला लावायची आणि गाणी ऐकायची, एवढाच मामला होता. आता माझा फोन बदलला. नव्या फोनला हेडफोनचं भोकच नाही, फक्त टाइप-सी.

म्हणून टाइप-सी ते ३.५ मिमी असा छोटा कन्व्हर्टर आणला. लावला तर फोन ढिम्म. गाणं फोनच्याच स्पीकरवर वाजत राहतं. तोच कन्व्हर्टर मेव्हण्याच्या फोनवर मात्र व्यवस्थित चालतो. म्हणजे कन्व्हर्टर बिघडलेला नाही आणि फोनही नवाकोरा. मग अडतंय कुठे?

दुसरं दुखणं जुनं आहे. बाबांच्या फोनला जॅक आहे, तो ऑक्सवर छान वाजतो. पण चार्जिंगला लावला की स्पीकरमधून कुंऽऽई असा आवाज सुरू होतो आणि ॲक्सिलरेटर दाबू तसा चढत जातो. चार्जर काढला की गप्प.

गणपतीला पुण्याहून गुहागरकडे जायचंय, उंब्रज-पाटण-कुंभार्लीमार्गे. आईला वाटेत अभंग हवेत, बाबांना नाट्यसंगीत, आणि मला मॅप. म्हणजे चार्जिंग लागणारच. नवा स्टिरिओ घ्यायचा नाही असा बाबांचा हुकूम आहे ("वाजतोय ना? मग?"). तेव्हा ते सोडून काहीही सुचवा.

---

खुसपट

स्टिरिओ बदला.

---

घाटवाट

@खुसपट, शेवटचं वाक्य वाचायची पद्धत नाही का तुमच्याकडे?

---

तारयंत्र

दोन्ही दुखणी वेगळी आहेत, म्हणून वेगवेगळी लिहितो. जरा लांबण लागेल.

३.५ मिमीच्या जॅकमधून तयार ॲनालॉग आवाज बाहेर पडतो. डिजिटल गाण्याचं ॲनालॉग करणारी चिप, म्हणजे डॅक, फोनच्या आतच असते. टाइप-सीमधून असा तयार आवाज बाहेर काढायची सोय काही फोनांत ठेवलेली असते, काहींत नसते. स्वस्त कन्व्हर्टरच्या पोटात नुसत्या तारा असतात, तो फोनकडूनच तयार आवाज मागतो. मेव्हण्यांचा फोन तो देतो, तुमचा देत नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत.

तुम्हाला हवाय डॅक असलेला कन्व्हर्टर. दिसायला तसाच, पण टाइप-सीच्या टोकात इवलीशी चिप असते आणि फोन त्याला बाहेरचं साउंड कार्ड समजतो. पाकिटावर 'डॅक' असं छापलेलं असतं किंवा ४८ किलोहर्ट्झ, ९६ किलोहर्ट्झ असे आकडे असतात. नुसतं 'ऑडिओ ॲडॅप्टर' लिहिलेलं असेल तर पैसे देण्याआधी दुकानातच स्वतःच्या फोनला लावून बघा. ॲपलचा टाइप-सी कन्व्हर्टर डॅकवालाच आहे, पण अनेक अँड्रॉइड फोनांवर तो आवाज कमी देतो, हे ध्यानात ठेवा.

आता ती कुंई. ती फोनमध्ये नाही आणि स्टिरिओतही नाही, अर्थिंगमध्ये आहे. स्टिरिओची अर्थिंग डॅशबोर्डमागे एका ठिकाणी गाडीच्या बॉडीला जाते. चार्जरची अर्थिंग लायटर सॉकेटमधून दुसऱ्या ठिकाणी जाते. अल्टरनेटरचा करंट बॉडीतून फिरत असतो, त्यामुळे ह्या दोन जागांमध्ये अगदी बारीक, मिलिव्होल्टमध्ये मोजावा असा फरक पडतो. एरवी त्याचं कुणाला काही नाही. पण फोन चार्जरलाही लावला आणि ऑक्सलाही लावला की ऑक्सच्या वायरीची अर्थिंग ह्या दोन जागांना जोडणारी वाट बनते आणि तो फरक थेट गाण्यात मिसळतो. इंजिनाचे फेरे वाढले की अल्टरनेटरही जोरात फिरतो, म्हणून सूर चढतो. ह्याला ग्राउंड लूप म्हणतात.

उपाय तीन. एक, ग्राउंड लूप आयसोलेटर. काडेपेटीएवढी डबी असते, आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर. आवाज चुंबकीय वाटेने पलीकडे जातो, तारेने तार जोडली जात नाही. ती डबी ऑक्सच्या वायरीत बसते, चार्जिंगच्या नाही. अगदी स्वस्तातली असेल तर बास किंचित खाते. दोन, फोन गाडीवर चार्ज न करता पॉवर बँकेवर करा. पॉवर बँकेचा गाडीच्या बॉडीशी संबंधच नसतो, त्यामुळे कुंई येणारच नाही. मात्र त्याच वेळी पॉवर बँक स्वतः लायटरवर चार्जिंगला लावायची नाही, नाहीतर फिरून तेच. तीन, फोनला ती सोय असेल तर वायरलेस चार्जिंगचं स्टँड.

---

मधलीसुट्टी

तारयंत्र, दंडवत घ्या. आमच्या गाडीतली कुंई मी आजवर इंजिनाचा आवाज समजून गॅरेजवाल्याशी भांडत आलेय.

---

नलूताई

एवढं कशाला? एफएम ट्रान्समीटर घ्या. लायटरमध्ये खुपसायचा, त्यावर एक फ्रिक्वेन्सी लावायची, रेडिओवर तीच लावायची. फोन ब्लूटूथने त्याला जोडला जातो. वायर नाही, कन्व्हर्टर नाही. आमची सँट्रो जुनी आहे, तिच्यात ऑक्सही नाही. नाशिक-मुंबई येताजाता सगळं ह्याच्यावर ऐकतो. फोन चार्ज करायला त्यालाच यूएसबीचं भोक असतं.

---

कुर्लाकर

नलूताई, नाशिक सोडल्यावर ते ठीक. मुंबईत शिरलात की काय होतं ते सांगा की! ८८ ते १०८ मध्ये मोकळी जागा शोधायची, ती सापडेपर्यंत गाणं संपतं. एकदा सायनच्या सिग्नलला माझ्या रेडिओवर अचानक कीर्तन सुरू झालं. शेजारच्या गाडीत काका माना डोलवत बसले होते. त्यांचा ट्रान्समीटर, माझा रेडिओ. सिग्नल सुटला आणि बुवा गोष्ट अर्धी सोडून गेले.

---

नलूताई

हसून हसून पुरेवाट. पण फुकटात कीर्तन मिळालं ना?

खरं सांगायचं तर भिवंडी बायपासपासून पुढे मीही वैतागते. कसारा घाटात मात्र स्वच्छ.

---

तारयंत्र

एफएममध्ये आवाजाची वरची मर्यादाही १५ किलोहर्ट्झच्या आसपास असते, शिवाय खरखर. भाषण, कीर्तन, बातम्यांना चालतं. पुण्यात ९८.३ ला मिर्ची, १०१ ला विविध भारती, अशा ताकदवान केंद्रांच्या शेजारची फ्रिक्वेन्सी घेऊ नका, तुमचा चिमुकला ट्रान्समीटर दबून जाईल. धागाकर्त्याकडे ऑक्स असताना हा रस्ता कशाला धरायचा? ऑक्स नसेल तर ठीक आहे.

---

मिशिगनचा_मामा

इकडे आमच्याकडे ऑक्स नसलेल्या जुन्या गाड्यांत कॅसेट ॲडॅप्टर चालतो. माझ्या जुन्या कॅमरीत होता. कॅसेटच्या आकाराचं खोकं, त्यातून एक वायर बाहेर येते आणि फोनला लागते. आत टेप नसते, एक छोटं हेड असतं. डेकच्या हेडसमोर ते येऊन बसतं आणि चुंबकीय क्षेत्रातून गाणं पलीकडे देतं. डेकला टेप फिरतेय असं वाटावं म्हणून आत दातेरी चाकं बसवलेली असतात. सगळी फसवाफसवी आहे, पण आवाज एफएमपेक्षा बरा यायचा.

काही ऑटोरिव्हर्स डेक मात्र फसत नाहीत. टेप संपली समजून दर थोड्या वेळाने खटाक करून बाजू बदलत राहतात.

---

जुनाट

कॅसेट! वा. आमच्या लहानपणी साताऱ्याकडच्या वडापच्या (खाजगी प्रवासी वाहतुकीच्या) ट्रॅक्समध्ये ड्रायव्हरच्या डोक्यावर कॅसेटींची रांग असायची आणि एकाही कॅसेटवर त्या कॅसेटचं कव्हर नसायचं. लावण्यांच्या डबीत भक्तिगीतं, भक्तिगीतांच्या डबीत काय असेल ते देवाला ठाऊक. सकाळच्या पहिल्या फेरीला म्हाताऱ्या माणसांसमोर डबी उघडायची म्हणजे ड्रायव्हरची परीक्षा.

---

कुर्लाकर

आता वडापवाल्यांकडे पेनड्राइव्ह असतो. त्यावर पांढऱ्या चिकटपट्टीवर पेनने "हळदी स्पेशल".

---

पानसुपारी

पेनड्राइव्हचा विषय निघालाच आहे तर घाटवाट, तुमच्या स्टिरिओला यूएसबी आहे ना? मग आईबाबांच्या गाण्यांसाठी फोन लागतो कशाला? एक पेनड्राइव्ह घ्या, 'आई' आणि 'बाबा' असे दोन फोल्डर करा, एमपी३ भरा, संपलं. फोन मोकळा राहतो, चार्जिंगला लावा, मॅप लावा, कुंई नाही.

दोन खुबी. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. ६४ जीबीचा नवा पेनड्राइव्ह बहुधा एक्सफॅटमध्ये येतो आणि जुने स्टिरिओ तो वाचत नाहीत, नुसतं एरर दाखवतात किंवा तेही दाखवत नाहीत. ३२ किंवा १६ चा बास झाला. आणि बरेच स्टिरिओ गाणी नावाच्या क्रमाने लावत नाहीत, कॉपी केल्याच्या क्रमाने लावतात. म्हणून हवी त्या क्रमाने कॉपी करा.

---

घाटवाट

@पानसुपारी, हे पटलं. बाबांना फोनपेक्षा हे झेपेल. पण मग फोनच थेट यूएसबीला लावला तर का वाजत नाही? पूर्वीचा एक फोन तसा वाजायचा असं आठवतंय.

---

पानसुपारी

कारण जुने फोन स्वतःला पेनड्राइव्ह म्हणून दाखवायचे. नवे अँड्रॉइड फोन एमटीपी नावाची वेगळी पद्धत वापरतात. कॉम्प्युटरला ती कळते, जुन्या स्टिरिओला कळत नाही. त्याच्या लेखी तुमचा फोन म्हणजे नुसता चार्ज होणारा डबा.

---

सांजवात

माझा प्रश्न थोडा वेगळा, पण ऑक्सचाच आहे म्हणून इथेच विचारते. आमच्या गाडीत फोन ऑक्सला लावला की पेटी, टाळ, तबला सगळं ऐकू येतं, पण गाणारे बुवाच गायब! अगदी लांबून, विहिरीतून बोलावं तसा आवाज. आधीच्या फोनवर असं नव्हतं. नवऱ्याचं म्हणणं स्पीकर गेले. रेडिओवर मात्र सगळं ठीक आहे.

---

खुसपट

बुवा कोण आहेत त्यावर अवलंबून आहे. काही बुवांच्या बाबतीत हा बिघाड म्हणता येणार नाही.

---

तारयंत्र

सांजवातताई, स्पीकरला हात लावू देऊ नका. रेडिओ नीट वाजतोय म्हणजे स्पीकर, ॲम्प्लिफायर सगळं ठणठणीत आहे. घोळ पिनेत आहे.

साध्या ऑक्सच्या पिनेचे तीन भाग असतात: टोकाला डावा आवाज, मधल्या कड्याला उजवा, मागे अर्थिंग. पिनेवर काळ्या (कधी पांढऱ्या) दोन रेघा दिसतात. मायक्रोफोन असलेल्या हेडसेटच्या पिनेवर तीन रेघा असतात, म्हणजे चार भाग, कारण माइकसाठी एक जास्तीचा लागतो. आता पिन फोनमध्ये पूर्ण आत गेली नाही, किंवा तीन रेघांची वायर तिला न मानवणाऱ्या सॉकेटमध्ये घातली, तर अर्थिंग जोडलीच जात नाही. डावा आणि उजवा तेवढे जोडलेले राहतात. अशा वेळी स्पीकरला डावा आणि उजवा ह्यांच्यातला फरक तेवढा मिळतो.

गाण्याचं मिक्सिंग करताना गायकाला बरोबर मध्ये ठेवलेलं असतं, म्हणजे तो दोन्ही बाजूंना अगदी सारखा. सारख्यातून सारखं वजा झालं की शून्य. पेटी थोडी डावीकडे, टाळ थोडे उजवीकडे, म्हणून ते उरतात. बुवा वजाबाकीत गेले.

पडताळा पाहायचा असेल तर एखादं जुनं, मोनो ध्वनिमुद्रण लावा. त्यात दोन्ही बाजू एकसारख्याच असतात, त्यामुळे जवळजवळ काहीच ऐकू येणार नाही. तसं झालं तर निदान पक्कं.

इलाज: फोनचं जाड कव्हर काढून पिन पुन्हा घाला. नव्या फोनला जाड कव्हर घातलं की पिनेचं प्लास्टिक त्यावर अडतं आणि पिन थोडी बाहेर राहते. तेवढ्याने झालं नाही तर दोन रेघांची साधी वायर आणा. फोनच्या जॅकमध्ये खिशातला बोळा जमलेला असतो, तोही लाकडी टूथपिकने अलगद काढा, टाचणीने नको.

---

सांजवात

कव्हर काढलं आणि बुवा आले!! नवऱ्याने स्पीकरचे भाव काढून ठेवले होते. तारयंत्र, तुम्हाला आमच्याकडून उकडीचे मोदक.

---

जुनाट

हे मात्र भन्नाट आहे. आता आपल्याला नको तो गायक काढून टाकायची युक्ती सापडली.

अवांतर: पूर्वी फोन यायच्या आधी स्पीकरमध्ये टर्र-टक-टक-टर्र व्हायचं, आठवतं का? रिंग वाजायच्या आधी आम्हाला कळायचं. हल्ली होत नाही.

---

तारयंत्र

ते जीएसएममुळे, म्हणजे २जी फोनांच्या पद्धतीमुळे. फोन टॉवरशी तुकड्यातुकड्याने बोलायचा, सेकंदाला साधारण २१७ वेळा, आणि ती धडधड जवळच्या ऑक्सच्या वायरीत उतरायची. ४जी वर बोलणं गेलं तसं ते कमी झालं. घाटात रेंज २जी वर घसरली तर अजूनही ऐकू येईल. वायर फोनच्या अँटेनाजवळ गुंडाळून ठेवू नका, एवढंच.

---

मधलीसुट्टी

मूळ प्रश्नाकडे येते. घाटवाट, ऑक्सला लागणारा छोटा ब्लूटूथ रिसीव्हर मिळतो, तो का नको? पिन ऑक्समध्ये, फोन कुठेही. मी वापरते. गाडी सुरू केली की आपोआप जोडला जातो. मागे बसलेल्या मुलांच्या हातात फोन देता येतो, वायर गिअरमध्ये अडकत नाही, आणि टाइप-सीचं भोक चार्जिंगला मोकळं राहतं. डॅकवाला कन्व्हर्टर लावला तर तेच भोक व्यापलं जातं, मग चार्जिंग कुठून करणार?

---

खुसपट

ब्लूटूथवर आवाज दाबला जातो. नाट्यसंगीत ऐकणाऱ्या बाबांना हे ऐकवणार? छे.

---

तारयंत्र

मधलीसुट्टी ह्यांचा चार्जिंगचा मुद्दा अगदी बरोबर आहे, मी तो लिहायला हवा होता. कन्व्हर्टर आणि चार्जिंग एकत्र हवं असेल तर दोन तोंडांचा स्प्लिटर लागतो. एका तोंडाला ३.५ मिमी, दुसऱ्याला चार्जिंग. तोही डॅकवालाच.

@खुसपट, ब्लूटूथवर आवाज दाबला जातो हे खरं, एसबीसी असो वा एएसी (आवाज दाबून पाठवायच्या पद्धती), काहीतरी गाळलं जातंच. पण साताऱ्याच्या पुढे ऐंशीच्या वेगाने धावणाऱ्या वॅगनआरमध्ये खिडकी अर्धी उघडी असताना ते गाळलेलं कोण ऐकणार आहे? टायरचा आवाज त्याहून कितीतरी जास्त गाळतो. घरात शांत खोलीत हेडफोनवर बसून ऐकत असाल तर भांडू.

रिसीव्हरची एकच अडचण, आणि ती नेमकी घाटवाट ह्यांच्या दुखण्याशी जोडलेली. बरेच रिसीव्हर गाडीच्या यूएसबी चार्जरवरच चालतात. म्हणजे चार्जर आणि ऑक्स ह्यांच्यामध्ये पुन्हा तोच ग्राउंड लूप, फक्त फोनच्या जागी रिसीव्हर. कुंई परत! म्हणून स्वतःची बॅटरी असलेला रिसीव्हर घ्या आणि तो घरून चार्ज करून न्या. किंवा आयसोलेटर लावा.

---

कुर्लाकर

फोनवर बोलायचं काय? बऱ्याच ब्लूटूथ रिसीव्हरना माइक असतो. ऑक्सच्या वायरीवर समोरच्याचा आवाज गाडीच्या स्पीकरमधून येतो, पण आपण बोलायचं फोनच्याच माइकवर. फोन डॅशबोर्डवर लांब असेल तर आपण ओरडतोय आणि समोरचा "हॅलो हॅलो" करतोय. मग माणूस नकळत फोन हातात घेतो. ते करू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये गाडी चालवताना हातात फोन वापरणं हे धोकादायक चालवणं धरलं जातं. पहिल्याच वेळेला १,००० ते ५,००० रुपये दंड, कैदेचीही तरतूद आहे.

---

नलूताई

आमच्याकडे नियम आहे: फोन गाडी चालवणाऱ्याच्या शेजारचा माणूस उचलतो. तोच गाणी लावतो, तोच "पोचलो की कळवतो" सांगतो. ड्रायव्हरने फक्त गाडी हाकायची.

---

पानसुपारी

पण ती मॅपवाली बाई! गाणी आणि मॅप एकाच फोनवर असले की तान रंगात आली रे आली, बाई बोलते "दोनशे मीटरनंतर उजवीकडे वळा". गाणं दबतं, बाई बोलते, गाणं परत येतं तेव्हा समेवर आलेलं असतं. बाबांसाठी नाट्यसंगीत फोनवरून लावणार असाल तर विचार करा.

---

घाटवाट

@पानसुपारी, बाबा तिला उलट उत्तरं देतात. "मला रस्ता ठाऊक आहे" वगैरे.

---

जुनाट

मग मॅप कशाला? कुंभार्ली घाट बाबांना पाठच असेल.

---

घाटवाट

बाबांना पाठ आहे, गाडी मी चालवणार आहे.

---

मधलीसुट्टी

मॅपच्या सेटिंगमध्ये फक्त वाहतुकीचे इशारे असतील तेव्हाच बोल, असं करता येतं. नाहीतर आवाज बंद करा आणि नजर टाका. आणि एक: कुंभार्लीत रेंजचा भरवसा धरू नका. गाणी आधी उतरवून ठेवा, नकाशाही ऑफलाइन उतरवून ठेवा. आम्ही पाटण सोडल्यावर ऑनलाइन अभंग मध्येच थांबले ते थेट पलीकडे शिरगाव येईपर्यंत.

---

तारयंत्र

अजून एक लिहायचं राहिलं. ऑक्सवर फोनचा आवाज कमी ठेवून स्टिरिओचा वाढवायची अनेकांना सवय असते. उलट करा. फोन पूर्णपैकी ऐंशी-नव्वद टक्क्यांवर ठेवा आणि पुढचं कमीजास्त स्टिरिओवर करा. फोनकडून क्षीण सिग्नल आला की स्टिरिओ गाण्याबरोबर खरखरही वाढवतो. पूर्ण शंभरवर काही फोनांचा आवाज फाटतो, म्हणून थोडं मागे.

हेही सांगून ठेवतो: रेडिओवरून ऑक्सवर गेलात की आवाज आधी कमी करा. दोन्हींची पातळी वेगळी असते. आई शेजारी बसली असेल तर जास्तच.

---

कुर्लाकर

आणि स्टिरिओत 'ऑक्स' दिसतच नसेल तर सेटअपमध्ये जाऊन चालू करावा लागतो. बाहेरून बसवलेल्या बऱ्याच स्टिरिओंत मेनूमध्ये ऑक्स ऑन / ऑफ असतं. ऑफ असलं की सोर्सचं बटण कितीही दाबा, रेडिओ-सीडी-यूएसबी एवढंच फिरतं. मित्राने ह्यापायी दुकानात जाऊन मागचं कपलर (वायरी जोडायचं सॉकेट) उघडायची तयारी केली होती.

---

खुसपट

कपलरवरून आठवलं. पुढचं भोक सैल झालं असेल तर काही स्टिरिओंच्या मागेही लाल-पांढरं आरसीए इनपुट असतं. तिथून वायर काढून ग्लव्ह बॉक्समध्ये सोडता येते. करायचंच तर जाणकाराकडून करा आणि मूळ वायर कापू देऊ नका. पिवळी वायर कायम बारा व्होल्टची, लाल चावी फिरवल्यावरची, काळी अर्थिंगची, हे ठाऊक नसलेल्याने त्यात हात घालू नये.

(बघा, स्टिरिओ न बदलता मीही काही सांगू शकतो.)

---

मिशिगनचा_मामा

खुसपटराव, नोंद घेतली आहे.

---

घाटवाट

मंडळी, खबरबात.

शनिवारी पुण्यात बुधवार पेठेत गेलो, पासोड्या विठोबाजवळ. दुकानदाराला "डॅकवाला हवा" म्हटल्यावर त्याने मागच्या खणातून वेगळंच पाकीट काढलं. माझ्या फोनला लावून दाखवा म्हटलं, लगेच फोनवर हेडफोनचं चिन्ह आलं. दोन तोंडांचाच घेतला. जाताना आयसोलेटरही घेतला, तो नेमका काय करतो हे त्याने मलाच विचारलं, मी तारयंत्र ह्यांचा प्रतिसाद वाचून दाखवला.

गाडीत लावून पाहिलं. आधी आयसोलेटरशिवाय, चार्जिंगसकट: कुंई हजर. पॉवर बँकेवर: कुंई नाही. गाडीच्या चार्जरवर पण आयसोलेटर लावून: कुंई नाही. बास कमी झाला का? मला तरी कळलं नाही. बाबा म्हणाले तबल्याचा डग्गा जरा लांब गेल्यासारखा वाटतो. त्यांचे कान माझ्यापेक्षा बरे आहेत. त्यामुळे जाताना माझ्या फोनवर मॅप आणि आईचे अभंग आयसोलेटरमधून, आणि बाबांचं नाट्यसंगीत पेनड्राइव्हवरून असा तह झाला आहे. पेनड्राइव्ह बाबांनी स्वतः भरून घेतला, त्यात आईचा फोल्डर नाही.

---

सांजवात

म्हणजे स्टिरिओचं सोर्सचं बटण कोणाच्या हातात, हाच खरा प्रश्न उरला.

---

घाटवाट

पुढच्या सीटवर बाबा बसणार आहेत. आईने उंब्रजला सीट बदलायची अट घातली आहे.

एक शंका राहिली. स्प्लिटर लावून फोन चार्ज होतो, पण फारच सावकाश. मॅप चालू असताना टक्के वाढत नाहीत, जेमतेम टिकतात. स्प्लिटरचा दोष की चार्जरचा?

---

तारयंत्र

दोघांपैकी कुणीही असू शकतं. बरेच स्प्लिटर जलद चार्जिंग पुढे जाऊ देत नाहीत, साध्या पाच व्होल्टवरच चालतात. गाडीचा चार्जर थेट फोनला लावून बघा. तेव्हा जलद चार्ज झाला तर स्प्लिटर हे कारण. बदलून घेता येत असेल तर पाकिटावर 'पीडी' (पॉवर डिलिव्हरी, जलद चार्जिंगची पद्धत) लिहिलेला मागा. नसेल तर निघताना फोन पूर्ण भरून निघा आणि वाटेत चहाला थांबाल तेव्हा स्प्लिटर काढून थेट लावा. स्क्रीनचा उजेड कमी करा आणि फोन काचेपुढे उन्हात ठेवू नका. तापला की तो स्वतःच चार्जिंग कमी करतो.

---

घाटवाट

पाहिलं. थेट लावल्यावर पटापट भरतोय, म्हणजे स्प्लिटरच. पावती आहे, उद्या बदलून आणतो.

---

मधलीसुट्टी

येताना आयसोलेटर अजून एक घ्या हो. मी कोथरूडला असते, पैसे लगेच पाठवते. गॅरेजवाल्याला नेऊन दाखवायचाय.